ठेच, शोध आणि थकलेलं कर्ज : 'अथर' या अरबी क्रियापदाविषयी

अरबी शिकणाऱ्याच्या वहीत 'अथर' या क्रियापदापुढे सहसा एकच अर्थ लिहिलेला असतो : ठेच लागणे, अडखळणे. अर्थ बरोबर आहे, पण तेवढ्यावर अरबी वर्तमानपत्र वाचायला घेतलं तर पहिल्याच गुन्हेवृत्तात गाडी अडते. 'उथिर अला' या शब्दांनी सुरू होणारी बातमी कुणाच्या अडखळण्याची नसते. मृतदेह, शस्त्रं किंवा चोरीचा माल सापडल्याची असते.

फरक पडतो तो पुढच्या छोट्या अव्ययाने. 'अथर'नंतर 'फी' (मध्ये) किंवा 'बि' (ने) आलं, तर पाय कशात तरी अडकला, कशाला तरी ठेचकाळला. 'अला' (वर) आलं, तर काहीतरी सापडलं, हाती लागलं. म्हणून हे क्रियापद सुटं पाठ करू नये, अव्ययासकट करावं. क्रियेची नामंही बहुधा वेगळी वापरतात : अडखळण्याला 'इथार', सापडण्याला 'उथूर'.

'सापडणे' हा अर्थ इंग्रजीच्या नकलेने अलीकडे आला असावा, असं काहींना वाटतं, कारण इंग्रजीतही अडखळण्याच्या क्रियापदाला 'वर' जोडून असाच अर्थ होतो. हे खरं नाही. सातव्या शतकातल्या कुराणात तो आहे. पाचव्या सूऱ्याच्या 107व्या आयतीत मृत्युपत्राच्या साक्षीदारांचा विषय आहे. त्यांचा अपराध मागाहून उघडकीस आला तर काय करायचं, हे सांगताना याच क्रियापदाचं कर्मणी रूप येतं. अठराव्या सूऱ्याच्या 21व्या आयतीत गुहेत झोपी गेलेल्या तरुणांचा लोकांना पत्ता लागतो, तिथे त्याचं प्रयोजक रूप 'अअथर' आहे.

हे प्रयोजक रूप जरा थांबून पाहण्यासारखं आहे. कुराणात ते 'अला'सह येतं आणि अर्थ होतो 'पत्ता लागू देणे'. 1865 साली पूर्ण झालेल्या, व्हॅन डाइक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरबी बायबलमध्ये हेच रूप 'अला'शिवाय, थेट कर्म घेऊन येतं. तिथे अर्थ आहे 'अडखळायला लावणे', म्हणजे पापाला प्रवृत्त करणे. एका ग्रंथातला अर्थ दुसऱ्यात चिकटवला तर वाक्याचा पार विपर्यास होतो. दोन्ही अर्थ अस्सल अरबी आहेत. यातला एक ख्रिस्ती आणि दुसरा मुसलमानी अशी वाटणी करणं मला चुकीचं वाटतं. फरक आधी व्याकरणाचा आहे.

मग 'अथर अला' म्हणजे शोधून काढणे का? कुराणातल्या शब्दांचे जुने कोशकार राघिब अल-इस्फहानी यांनी मूळ अर्थ ठेच लागून पडण्याचा दिला आहे, आणि न शोधता एखादी गोष्ट कळली तर त्यासाठी हा शब्द लाक्षणिक अर्थाने वापरतात, असं म्हटलं आहे. चालताना पाय लागला आणि तिथे काहीतरी आहे हे कळलं, असा तो प्रवास. आपल्या 'सापडणे'शी हे बरंच जुळतं. आजच्या अरबीत मात्र ती अट सैल झाली आहे. अनेक दिवस कसून शोध घेतल्यावर बेपत्ता माणूस मिळाला, तरी बातमीत 'उथूर' हाच शब्द असतो. तेव्हा आधुनिक मजकुरात 'योगायोगाने' हा शब्द आपल्या पदरचा घालू नये.

उच्चारामुळेही घोटाळा होतो. या धातूची अक्षरं ऐन, था, रा. मधला उच्चार जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून करायचा असतो. मराठी 'थ' त्याच्या जवळचा आहे, पण तो नव्हे. फारसी-उर्दूत मात्र या अक्षराचा 'स' होतो आणि ऐनही 'अ'मध्ये विरून जातो. त्यामुळे आपल्याकडच्या 'असर'शी याचं नातं असेल असं वाटू शकतं. नातं नाही. 'असर'चं अरबी मूळ हम्झा, था, रा असं आहे आणि त्याचा अर्थ खूण, परिणाम.

आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांना याच धातूचं आणखी एक रूप माहीत असलेलं बरं : 'तअथ्थर'. बोलताना अडखळण्यालाही ते चालतं, पण छापील मजकुरात त्याचा पसारा मोठा आहे. वाटाघाटी रखडल्या, प्रकल्प रेंगाळला, विद्यार्थी अभ्यासात मागे पडला, सगळीकडे हेच. बँकेच्या कागदावर 'मुतअथ्थिर' कर्ज म्हणजे थकीत कर्ज आणि 'मुतअथ्थिर' माणूस म्हणजे हप्ते थकवलेला कर्जदार. 'जरा अडखळला' असा सौम्य अर्थ लावून असं पत्र बाजूला ठेवणं महागात पडेल. 'आथिर' नशीब म्हणजे फुटकं नशीब, आणि वाटेतला अडसर म्हणजे 'हजर अथ्रा', ठेच लागणारा दगड.

कोशात 'तअथ्थर' किंवा 'मुतअथ्थिर' शोधताना त किंवा म या अक्षरांखाली पाहून शब्दच नाही असं ठरवू नका. हान्स वेर यांचा 1952 साली जर्मनीत निघालेला आणि पुढे इंग्रजीत आलेला कोश धातूंनुसार लावलेला आहे. ही सगळी रूपं तिथे ऐन, था, रा या एकाच नोंदीखाली मिळतात.