छतातील स्पीकर (होम थिएटर)

छतातील स्पीकर म्हणजे छताच्या पोकळीत पूर्णपणे बसविलेला आणि खालून केवळ गोल किंवा चौकोनी जाळी दिसणारा स्पीकर. होम थिएटरमध्ये तो दोन कामांसाठी वापरला जातो. पहिले काम प्रेक्षकाच्या बाजूने व मागून येणारा ध्वनी ऐकविण्याचे, दुसरे डोक्यावरून येणारा ध्वनी ऐकविण्याचे. दुसऱ्या कामासाठी छत ही स्वाभाविक जागा आहे. पहिल्यासाठी ती तडजोड आहे. निवडीतील बहुतेक चुका हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे होतात. महाराष्ट्रात, आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या भागात, जेथे अनेक कुटुंबे आपले घर स्वतः उभे राहून बांधून घेतात, तेथे त्यात बांधकामाचाही प्रश्न मिसळतो. स्पीकर कोठे येणार हे स्लॅब पडण्यापूर्वी ठरले नाही, तर पुढे हवी ती जागा मिळतेच असे नाही.

पार्श्वभूमी

भारतीय प्रेक्षकांना अनेक दिशांनी येणाऱ्या ध्वनीची ओळख मोठ्या प्रमाणावर करून दिली ती १९७५ सालच्या 'शोले' या चित्रपटाने. त्याच्या ७० मिलिमीटर प्रतीसोबत स्टिरिओफोनिक ध्वनी होता. पडद्यावर उडविलेले नाणे आपल्याच खुर्चीखाली पडले असे वाटून प्रेक्षक वाकून पाहत, असा किस्सा अजूनही सांगितला जातो. घरांत रूढ झालेली पुढची पद्धत '५.१' होय. तिच्यात समोर तीन, बाजूला दोन आणि खर्जाच्या ध्वनीसाठी एक सबवूफर असतो. २०१२ मध्ये 'ब्रेव्ह' या चित्रपटासोबत डॉल्बी अ‍ॅटमॉस ही पद्धत चित्रपटगृहांत आली आणि २०१४ पासून ती घरगुती उपकरणांतही मिळू लागली. तिने डोक्यावरचे स्पीकर हा स्वतंत्र थर जोडला. '५.१.२' या लिखाणातील शेवटचा आकडा म्हणजे हे वरचे स्पीकर.

कान दिशा कशी ओळखतो

ध्वनी डावीकडून आला तर तो डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. या सूक्ष्म फरकावरून मेंदू डावे-उजवे अचूक ठरवितो. वर-खाली ओळखताना मात्र दोन्ही कानांना ध्वनी जवळपास एकाच वेळी पोहोचतो. तेथे बाहेरच्या कानाच्या वळ्यांमुळे ध्वनीत होणाऱ्या बदलावर अवलंबून राहावे लागते आणि हे ज्ञान तुलनेने ढोबळ असते. म्हणून वरचे स्पीकर अर्धा फूट इकडेतिकडे सरकले तरी फारसे बिघडत नाही. परंतु कानाच्या उंचीवर हवा असलेला स्पीकर छतात गेला, तर मागून येणारी पावले छतावर चालत आहेत असे वाटू लागते.

कोन आणि मोजमाप

५.१ पद्धतीत बाजूचे स्पीकर प्रेक्षकाच्या तोंडासमोरच्या दिशेपासून सुमारे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे बरोबर बाजूला किंवा थोडे मागे असावेत. वरचे दोनच स्पीकर असतील तर ते जवळपास डोक्यावर, किंचित पुढे बसवितात. चार असतील तर दोन पुढे व दोन मागे, प्रत्येकी सुमारे ४५ अंशांच्या चढावर ठेवतात.

हे एका साध्या दिवाणखान्यावर मोजून पाहणे उपयोगाचे ठरेल. खोली १२ फूट रुंद व १५ फूट लांब आहे, फॉल्स सीलिंग धरून छत साडेनऊ फुटांवर आहे आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान साडेतीन फुटांवर आहे असे समजू. कानापासून छत ६ फूट वर राहिले. ४५ अंश साधायचे तर पुढचे स्पीकर प्रेक्षकाच्या ६ फूट पुढे आणि मागचे ६ फूट मागे हवेत. आपल्याकडे सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, तेव्हा मागे सहा फूट सोडाच, सहा इंचही उरत नाहीत. अशा घरी चार स्पीकरांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. प्रेक्षकाच्या सुमारे एक फूट पुढे, समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरांच्या रेषेत दोनच बसविणे शहाणपणाचे.

याच खोलीत बाजूचे स्पीकर छतात घातले तर? भिंतीपासून दोन फूट सोडले तर मध्यभागी बसलेल्या प्रेक्षकापासून ते ४ फूट बाजूला येतात. ६ फूट वर आणि ४ फूट बाजूला म्हणजे चढाचा कोन सुमारे ५६ अंश झाला. हा ध्वनी बाजूचा राहिलाच नाही, तो वरचा झाला. त्याच छतात अ‍ॅटमॉसचे स्पीकरही असतील तर दोन थरांतला फरक कानाला कळत नाही आणि जादा स्पीकरांचा खर्च वाया जातो. म्हणून भिंतीवर वा स्टँडवर जागा असेल तर बाजूचे स्पीकर तेथेच, कानाच्या उंचीवर किंवा फूट-दोन फूट वर लावावेत. दारे-खिडक्यांमुळे ते शक्यच नसेल तर साधी ५.१ पद्धत छतातून चालवावी आणि अ‍ॅटमॉसचा मोह सोडावा.

मधला, म्हणजे सेंटर स्पीकर मात्र कोणत्याही परिस्थितीत छतात घालू नये. बहुतेक संवाद त्यातून येतात. ओठ पडद्यावर आणि शब्द छतातून अशी फारकत झाली की, ऐकण्यासाठी ओठांच्या हालचालीचाही आधार घेणाऱ्या घरातील वयस्कांना संवाद कळेनासे होतात. मग आवाज वाढविला जातो, संवादाबरोबर बंदुका आणि पार्श्वसंगीतही वाढते, आणि शेवटी आजी-आजोबा उठून दुसऱ्या खोलीत जातात.

घराचे छत

आरसीसी स्लॅब साधारणपणे ४ ते ६ इंच जाडीचा असतो आणि त्यात सळईची जाळी असते. स्पीकरसाठी तो फोडणे किंवा बीमला छिद्र पाडणे धोक्याचे आहे. स्लॅबच्या घरात छतातील स्पीकर म्हणजे प्रत्यक्षात फॉल्स सीलिंगमधील स्पीकर. पोकळी निदान ६ इंच तरी हवी. त्यामुळे खोलीची उंची कमी होते आणि राहत्या खोलीची किमान उंची म्हणून राष्ट्रीय बांधकाम संहितेत दिलेले २.७५ मीटर हे माप आधीच पाहून घ्यावे लागते. फॉल्स सीलिंग करायचे नसेल तर सेंट्रिंगवर सळई बांधून झाल्यावर, काँक्रीट पडण्यापूर्वी पंख्याच्या पाईपांबरोबर स्पीकरच्या वायरसाठी वेगळे पाईप टाकून घ्यावेत. नंतर छताला टांगायचे लहान स्पीकर लावता येतात.

जिल्ह्यातील जुन्या गावठाणांत अजूनही धाब्याची घरे आहेत. तुळया, त्यांवर कड्या व फळ्या आणि वर मातीचा जाड थर अशी त्यांची रचना असते. कड्यांमुळे छत सपाट राहत नाही आणि ध्वनी विखुरला जातो. ऐकण्याच्या दृष्टीने ही खोली कित्येक नव्या दिवाणखान्यांहून सरस ठरते. तथापि मातीचा भार पेलणारी फळी कापणे म्हणजे घर धोक्यात घालणे. तेथे कडीच्या बाजूला छोटा स्पीकर ब्रॅकेटवर लावावा. पत्र्याच्या छताखाली पावसाळ्यात कोणताच स्पीकर पुरेसा पडत नाही.

पीओपीमध्ये घुमटाकार छत करून घेण्याची हौस अनेकांना असते. अंतर्वक्र पृष्ठभाग ध्वनी एका जागी गोळा करतो. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीशी केलेली कुजबुज पलीकडच्या बाजूला ऐकू येते, ती याच गुणामुळे. नगरच्या फराहबाग महालाच्या मधल्या दालनावरही घुमट आहे. महालाला तो शोभतो. चित्रपट ऐकण्याच्या खोलीत मात्र घुमटापेक्षा सपाट छत बरे.

आणखी एक खास आपल्याकडची अडचण पंख्याची. प्रेक्षक व स्पीकर यांच्या मध्ये फिरणारी पाती आली की ध्वनी थरथरतो. जागा आखताना पात्यांचा घेर जमिनीवर खडूने काढून पाहावा.

स्पीकरची निवड

बाजारात छतातील स्पीकर मागितला असता पुष्कळदा मंदिर, रुग्णालय किंवा दुकानासाठी बनविलेला, १०० व्होल्टच्या लाइनवर चालणारा स्पीकर हाती पडतो. त्याच्या मागे ट्रान्सफॉर्मर असतो. सभामंडपभर कीर्तनकाराचे शब्द सारखे पोहोचविण्याचे काम तो उत्तम करतो. होम थिएटरच्या रिसीव्हरला मात्र ४, ६ किंवा ८ ओहमचा स्पीकर लागतो, आणि कमीत कमी किती ओहम चालतात हे रिसीव्हरच्या मागे लिहिलेले असते.

साडेसहा इंची स्पीकर मध्यम खोलीला पुरतो. आठ इंची मोठ्या खोलीला. उंच स्वर देणारा ट्वीटर वळविता येतो की नाही हे आकारापेक्षा महत्त्वाचे आहे, कारण छतातून सरळ खाली जाणारा ध्वनी बाजूला बसलेल्यापर्यंत मंद होऊन पोहोचतो. संवेदनशीलतेचा आकडा जरूर पाहावा. ८६ डेसिबलच्या स्पीकरला जितका आवाज द्यायला १०० वॅट लागतात, तितका ८९ डेसिबलचा ५० वॅटमध्ये देतो. खोक्यावरच्या मोठ्या वॅटच्या आकड्याने मात्र भुलू नये. कोनाभोवतीची कड फोमची असेल तर ती काही वर्षांत भुगा होऊन झडते. वरच्या मजल्याच्या तापलेल्या स्लॅबखाली रबरी कड घ्यावी.

रिसीव्हर घेताना ५.१.२ साठी सात आणि ५.१.४ साठी नऊ अ‍ॅम्प्लिफायर वाहिन्या लागतात, हेही मोजून घ्यावे.

वायर आणि बसविणे

१५ मीटरपर्यंत ८ ओहमच्या स्पीकरला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. अंतर जास्त असेल किंवा स्पीकर ४ ओहमचा असेल तर २.५ ची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायरही विकली जाते. तार ब्लेडने खरवडली की आतील पांढरा धातू दिसतो. घरगुती विजेच्या वायरी आणि स्पीकरच्या वायरी एका पाईपमधून नेऊ नयेत.

साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डवर दोन-तीन किलोंचा स्पीकर केवळ त्याच्या चिमट्यांवर सोडू नये. छिद्राभोवती पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट करावी आणि एक तार स्लॅबमधील हुकाला बांधावी, म्हणजे बोर्ड ओला होऊन फुगला तरी स्पीकर डोक्यात पडत नाही. वर कोणी राहत असेल तर मागे बंद पेटी व खनिज लोकर बसवितात. तिच्यामुळे ध्वनी वर कमी जातो आणि धूळही आत येत नाही. जाळीला छताचा रंग द्यायचा असल्यास ती काढून फवाऱ्याने द्यावा. ब्रशने दिल्यास छिद्रे बुजतात.