झाडाच्या शेंड्यावरील राखण

जोंधळा निसवला म्हणजे राखणदार माळ्यावर चढतो. जमिनीवरून जे दिसत नाही ते चार हात उंचीवरून दिसते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. अरण्याची राखणही याच न्यायाने होते. मात्र तेथे पाखरांऐवजी धुरावर नजर ठेवावयाची असते आणि माळा झाडांच्या शेंड्यांवर न्यावा लागतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात पेंबर्टन गावाभोवती कॅरी वृक्षांची अरण्ये आहेत. हा वृक्ष आपल्या निलगिरीचा भाऊबंद असून दोनशे फुटांहूनही उंच वाढतो. तेथील ऋतू आपल्या उलट. पाऊस मुख्यतः जून ते ऑगस्टमध्ये पडतो आणि डिसेंबर ते मार्च हा कोरडा उन्हाळा असतो. झाडांखाली साल, पाला व काटक्यांचा जाड थर साचतो. १९२० नंतर सरकारने तेथे शेतकऱ्यांच्या वसाहती वसविल्या. त्यांनी बुंध्याभोवतालची साल कापून झाडे वाळविली व जाळून कुरणे केली. शेत आणि अरण्य यांच्यामध्ये अंतर असे राहिलेच नाही.

लहान आग चारदोन माणसे झोडपून विझवू शकतात. तिला वारा मिळाला, की गावच्या गाव लोटले तरी ती आवरत नाही. म्हणून धूर लवकर दिसणे अत्यावश्यक होते. परंतु तो पहावयाचा कोठून? वृक्षांच्या माथ्यावर डोके काढील असा डोंगर त्या भागात क्वचितच आढळतो आणि एवढा उंच मनोरा उभारणे फार खर्चाचे. तेव्हा वनखात्याने झाडालाच मनोरा करावयाचे ठरविले. १९३७ ते १९५२ या काळात असे आठ वृक्ष तयार झाले.

त्यांतील ग्लॉस्टर वृक्ष सर्वांत प्रसिद्ध आहे. बुंध्याचा घेर ७.३ मीटर, पहिली फांदी सुमारे ४० मीटरांवर. झाड उपयोगी पडेल की नाही हे पाहण्यासाठी जॅक वॉटसन हा वनाधिकारी काट्यांचे बूट व कमरेचा पट्टा एवढ्या साधनांनिशी ५८ मीटर, म्हणजे १९० फूट, चढला. चढून उतरावयास त्याला सहा तास लागले. नंतर जॉर्ज रेनॉल्ड्स याने फांद्या तोडून खोडात खुंट्यांची शिडी ठोकली. हे काम चालू असतानाच गव्हर्नर जनरल ड्यूक ऑफ ग्लॉस्टर तेथे आले व त्यांचेच नाव वृक्षाला मिळाले. १९४७ साली शेंड्यावर लाकडी खोली उभी राहिली.

टेहळणी करणाऱ्याचे काम नुसते पाहण्याचे नव्हे. धूर दिसताच अंशांच्या तबकडीवरून त्याची दिशा मोजावयाची आणि दूरध्वनीने कचेरीस कळवावयाची. एका ठिकाणाहून फक्त दिशा समजते, अंतर नाही. दुसऱ्या टेहळणीनेही आपली दिशा कळविली, की नकाशावर दोन्ही रेषा जेथे छेदतात तेथे आग. शिवाय प्रत्येक धूर वणव्याचा नसतो. तो शेतकऱ्याने लावलेल्या आगीचाही असू शकतो. आपल्याकडे राब भाजणाऱ्यांना ही गोष्ट सहज पटेल. कोणी, केव्हा, कोठे जाळणार हे आधी ठाऊक असेल तरच परका धूर ओळखू येतो. तेथील १९५४ च्या कायद्याने आग लावण्यावर ऋतुमानानुसार बंधने घातली, ती शेतकऱ्याला जाचक वाटली तरी वाजवीच म्हटली पाहिजेत.

तथापि दिसलेली प्रत्येक आग विझतेच असे नाही. जानेवारी १९६१ मध्ये पेंबर्टनच्या उत्तरेकडील अरण्यात विजा पडून एकाच वेळी अनेक ठिकाणी वणवे पेटले. टेहळणी कितीही चांगली असली तरी एवढ्या आगींना पुरतील इतकी माणसे आणावयाची कोठून? ड्वेलिंगअप हे गाव जळून गेले. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. त्यानंतर, सौम्य हवामानात साचलेला पाला मुद्दाम थोडाथोडा जाळण्याच्या पद्धतीवर वनखात्याने अधिक भर दिला. १९६५ नंतर या कामी विमानांचाही उपयोग होऊ लागला.

पुढे टेहळणीही विमानांनी उचलली आणि वृक्षांवरील पहारे कमी झाले. ग्लॉस्टर वृक्षावरील लाकडी खोली धोक्याची ठरल्याने १९७३ साली पाडण्यात आली. तिच्या जागी पोलाद व अ‍ॅल्युमिनियमची नवी खोली आली, आणि हौशी प्रवासी त्या शिडीने वर जाऊ लागले. खालून पाहून परतणारेच मात्र पुष्कळ.