वानखेडे स्टेडियम : जागेच्या भांडणातून उभे राहिलेले मैदान

मरीन लाइन्स सोडून लोकल चर्चगेटकडे निघाली की उजव्या हाताला वानखेडे स्टेडियम दिसते. दारात उभी असलेली पोरे मान वाकवून आत काय चालले आहे ते पाहतात. आमच्या पुष्कळ वाचकांनी ते असे गाडीतूनच पाहिले असेल. आत बसण्याचा योग थोड्यांनाच येतो. गंमत अशी, की हे स्टेडियम बांधले गेले तेच बसायच्या जागांवरून झालेल्या भांडणामुळे!

पूर्वी मुंबईचे कसोटी सामने ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत. १९३७ साली सुरू झालेले हे मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. सामना बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचा आणि जागा क्लबची, मग तिकिटे कुणाला किती, यावरून दोघांत वाद होत. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे त्या वेळी विधानसभेचेही अध्यक्ष होते. त्यांनी स्वतःचेच स्टेडियम बांधायचे ठरविले, तेही ब्रेबॉर्नपासून किलोमीटरभराच्या आत. वास्तुशिल्पी शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार अवघ्या तेरा महिन्यांच्या सुमारास काम उरकले.

जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ धावा काढल्या. त्याचे द्विशतक होताच एक तरुण अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला चोप दिला, तेव्हा प्रेक्षक खवळले आणि मोडतोड, जाळपोळ झाली. नव्या स्टेडियमची सुरुवात ही अशी.

२०११ च्या विश्वचषकासाठी स्टेडियमचा मोठा भाग नव्याने बांधण्यात आला. त्याचे छप्पर पाहण्याजोगे आहे. घराचा सज्जा जसा मागच्या भिंतीच्या आधाराने पुढे येतो, तसे ते प्रेक्षकांच्या डोक्यावर पुढे आले आहे. समोर खांब नाही, त्यामुळे खेळ कुठे अडत नाही. छपराचे कापड टेफ्लॉनचे. आपल्या भगिनींच्या स्वयंपाकघरातील न चिकटणाऱ्या तव्यावर असतो तोच हा पदार्थ! वजनाला हलका आणि उन्हाला टिकणारा. वर बसविलेले पंखे गरम हवा बाहेर ओढतात आणि समुद्रावरचा वारा आत येतो. मुंबईच्या दमट उकाड्यात दिवसभर बसणाऱ्याला याचे मोल कळते.

बाकांच्या जागी प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची आली. ही सोय चांगलीच. पण पूर्वी चाळीस हजारांहून अधिक माणसे मावत, ती आता सुमारे ३३ हजार. त्यातही २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्यासाठी सर्वसामान्यांना विक्रीस आली अवघी चार हजार तिकिटे! उरलेली असोसिएशनशी संलग्न क्लब, सदस्य आणि क्रिकेट मंडळे यांच्या वाट्याची. क्लबांचा हक्क आम्ही नाकारत नाही. मुंबईचे क्रिकेट मैदानांवरच्या क्लबांनीच जगविले आहे. पण तिकिटांच्या वाटपावरून ब्रेबॉर्न सोडणाऱ्यांनी रांगेतल्या माणसासाठी एवढेच ठेवावे, हे आम्हाला पटले नाही.

त्या रात्री धोनीने षटकार मारून सामना जिंकून दिला. चेंडू जिथे पडला त्या खुर्च्यांच्या जागी स्मारक करण्याचे असोसिएशनने २०२३ मध्ये ठरविले. तो षटकार पाहायला आमच्या घरी टी.व्ही.पुढे शेजारपाजारची अठरा माणसे दाटीवाटीने बसली होती. त्यांतील तिघांनी तिकिटासाठी खटपट केली होती.