फौजीची बायको, आमची आजी

चंद्रपूरला चांदा म्हणत तेव्हाची गोष्ट. आजोबा महार रेजिमेंटमध्ये, वर्षातून एकदा रजेवर यायचे. आजीचं माहेर वैनगंगेपलीकडचं. १९८२ साली तो भाग गडचिरोली जिल्ह्यात गेला. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली, तेव्हा लेकीला कडेवर घेऊन आजी एकटीच गेली होती.

आजोबांची पत्रं पोस्टमन वाचून दाखवी. “आमचं दोघांचं बोलणं गावानं कशाला ऐकायचं?” असं म्हणून तिशीनंतर ती पाटी घेऊन बसली. १९६५ च्या लढाईतलं पत्र तिनं स्वतः वाचलं, डोळे पुसले आणि मगच चूल पेटवली. अंबाडीची भाजी वाढताना ते पत्र ती आम्हा नातवंडांना तोंडपाठ म्हणून दाखवी.

आजोबा गेले आणि कागदांनी अडवलं. फौजेच्या नोंदीत तिचं माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं! पेन्शनसाठी सात महिने खेटे घातले. तोवर गोधड्या शिवल्या, पण कुणापुढे हात पसरला नाही.

मैत्रिणींनो, पती सैन्यात असतील किंवा निवृत्त असतील, तर आजच पाहा. त्यांच्या नोंदीतलं तुमचं नाव नि जन्मतारीख आधारकार्डाशी जुळते ना? डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि पासबुक एकाच पिशवीत ठेवा. अडलंच तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

आजीच्या ट्रंकेत शेवटपर्यंत अशी पिशवी होती. खाली पेन्शनचे कागद, वर आजोबांची पत्रं.