पाच कोर्टं, एक कोच

सप्टेंबरातला मंगळवार. दुपारचे साडेचार वाजले असतील. बेसलाइनच्या अगदी सरळ रेषेत, कुंपणाच्या जाळीला टेकून मी उभी होते. समोरून आलेला बॉल पांढऱ्या पट्ट्याच्या मागच्या काठावर टेकला. मला स्वच्छ दिसला. आमच्या मुलीनं तर्जनी वर केली आणि म्हणाली, "आउट!" पलीकडची मुलगी क्षणभर घुटमळली, मग काही न बोलता पुढच्या पॉइंटसाठी जागेवर गेली. मीही काही बोलले नाही. बॉल आत की बाहेर, यावर कोचनं तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे.

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलच्या मुलींच्या टेनिस संघाची मी कोच आहे. टीव्हीवर विम्बल्डन बघणाऱ्याला इथलं शालेय टेनिस चक्रावून टाकतं ते एका गोष्टीनं: नेहमीच्या सामन्यांना पंचच नसतो. उंच खुर्ची नाही, विम्बल्डनला २०२४ पर्यंत असायची तशी रेषेवर वाकून उभी राहणारी माणसं नाहीत, कॅमेरे नाहीत. जाळीच्या आपल्या बाजूला पडलेल्या बॉलचा निवाडा खेळणाऱ्या मुलीनंच करायचा आणि तो मोठ्यानं सांगायचा. शंका आली तर फायदा प्रतिस्पर्ध्याला. आउट म्हटल्यावर आपली चूक लक्षात आली तर ती तिथल्या तिथे कबूल करायची, आणि मग तो पॉइंट पुन्हा खेळायचा नाही, थेट समोरचीला द्यायचा. हे सगळं चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींनी, शाळेचा दिवस संपवून, दमलेल्या अंगानं करायचं असतं.

'टेनिसचा संघ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डेव्हिस कप येतो. भारत १९६६, १९७४ आणि १९८७ अशा तीन वेळा त्याच्या अंतिम फेरीत पोचला. त्यातली १९७४ ची लढत वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी खेळायचं नाही म्हणून आपण सोडून दिली. त्या जुन्या डेव्हिस कपात चार एकेरी, एक दुहेरी असे पाच सामने तीन दिवसांत व्हायचे आणि संघाचा कर्णधार कोर्टवर खेळाडूच्या खुर्चीशेजारी बसायचा. न्यू जर्सीतल्या शाळांच्या लढतीतही सामने पाचच असतात: तीन एकेरी, दोन दुहेरी. सात मुली, पाच गुण, तीन मिळाले की जिंकलो. फरक इतकाच की पाचही सामने दुपारी चारच्या सुमारास एकदम सुरू होतात. पाच कोर्टं शेजारी शेजारी, आणि मला पाय दोन. प्रत्येक राज्याची रीत वेगळी. दक्षिण कॅलिफोर्नियात तीन एकेरीवाल्या आणि दुहेरीच्या तीन जोड्या समोरच्या संघातल्या तिघींशी आणि तिन्ही जोड्यांशी एकेक सेट खेळतात. असे अठरा सेट होतात. तिथल्या कोचची धावपळ मला कल्पनेतही झेपत नाही.

पुण्यात मी टेनिस शिकले तेव्हा शाळेच्या मैदानावर लंगडी, खो-खो, कबड्डी होती आणि टेनिस क्लबच्या भिंतीआड होतं. पैसे भरून शिकायचं, एकटीनं स्पर्धेला जायचं, एकटीनं हरून परत यायचं. इथे शाळेच्या मागेच सिमेंटची कोर्टं आहेत, आणि नववीत पहिल्यांदा रॅकेट धरणारी मुलगी चार वर्षांत संघात येऊ शकते. हे मला अजूनही फार मोलाचं वाटतं. मुलींचा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत, मुलांचा वसंतात. शाळांनी मुलींना खेळातही समान वाटा द्यायचा, हे ज्या 'टायटल नाइन' कायद्यामुळे बंधनकारक झालं तो १९७२ सालचा. माझ्या संघातल्या मुलींना त्याचं नावही धड माहीत नसतं. कोर्ट आपलंच आहे, असं त्या धरून चालतात. तसंच असायला हवं.

हंगामाचा पहिला आठवडा सगळ्यात अवघड. उन्हात तापलेलं कोर्ट, पंचवीस मुली आणि संघात जागा सात. बाकीच्या 'ज्युनिअर व्हर्सिटी'त, म्हणजे दुसऱ्या फळीत खेळतात. क्रम ठरतो तो आपसातल्या चॅलेंज मॅचवर. तिसरीनं दुसरीला हरवलं की दुसरीची जागा तिची. मैत्रिणी मैत्रिणींविरुद्ध खेळतात आणि घरी जाताना एकाच गाडीत बसतात. हा क्रम कोचला मनाप्रमाणे फिरवता येत नाही. सर्वांत कच्ची मुलगी पहिल्या क्रमांकावर बळी द्यायची आणि बाकीच्या दोघींना सोपे सामने मिळवून द्यायचे, ही युक्ती कुणालाही सुचेल. म्हणूनच ती नियमानं बंद आहे. एकेरीतल्या तिघी ताकदीच्या उतरत्या क्रमानंच उतरवाव्या लागतात.

दुहेरीत मात्र कोचला खरं डोकं चालवता येतं. पालकांना दुहेरी म्हणजे दुय्यम वाटते. आमच्या भागात मराठी घरं बरीच आहेत; गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन मला हमखास विचारलं जातं, "ताई, हिला सिंगल्स कधी देणार?" त्यांचंही चुकत नाही. आपण गुणपत्रिकेवर वाढलो, पहिला नंबर म्हणजे पहिला नंबर. मी त्यांना सांगते की पाचातले दोन गुण दुहेरीचे आहेत आणि सातातल्या चार मुली दुहेरी खेळतात. दोन उत्तम एकेरीवाल्या शेजारी उभ्या केल्या म्हणजे जोडी होत नाही. एकीला जाळीजवळ जायचं धैर्य हवं, दुसरीला मागून उंच लॉब टाकत वेळ काढायचा संयम हवा, आणि मधून जाणाऱ्या बॉलवर "माझा!" असं ओरडायची दोघींना सवय हवी. दोन वर्षांपूर्वी संघातल्या सगळ्यात अबोल दोघींची मी जोडी केली. महिनाभर त्या एकमेकींकडे बघत राहायच्या आणि बॉल मधून निघून जायचा. मग सरावात नियम केला: प्रत्येक पॉइंटनंतर एकमेकींच्या रॅकेटला रॅकेट लावायची आणि एक तरी शब्द बोलायचा. ऑक्टोबरपर्यंत त्या इतक्या बोलायला लागल्या की शेजारच्या कोर्टवरून तक्रार आली.

सरावात मी नवं फार थोडं शिकवते. रोजचे दोन तास, त्यात अर्धा वेळ तिरके फटके. मुलींना सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटतं; सरळ रेषेतला विजयी फटका डोळ्यांना फार गोड दिसतो. मग मी त्यांना जाळीपाशी नेते आणि मोजपट्टी देते. जाळी दोन्ही टोकांना साडेतीन फूट उंच, पण मध्यभागी तीनच फूट. कोर्टची लांबी ७८ फूट, एकेरीची रुंदी २७ फूट. गणिताच्या तासाला शिकलेला पायथागोरसाचा नियम लावला की कर्ण साडेब्याऐंशी फुटांचा निघतो. म्हणजे तिरक्या फटक्याला जाळी सहा इंच बुटकी मिळते आणि बॉल पडायला साडेचार फूट जास्त जागा मिळते. हायस्कूलच्या पातळीवर बहुतेक पॉइंट कुणीतरी चुकल्यामुळे संपतात; जिची चूक एका फटक्यानं उशिरा होते, ती जिंकते. पायथागोरस या कामी येतो हे कळल्यावर मुलींचे चेहरे बघण्यासारखे असतात.

उरलेल्या वेळातला मोठा भाग दुसऱ्या सर्व्हिसचा. पहिली चुकली की या वयातली मुलगी दुसरी सर्व्हिस घाबरत, नुसती ढकलून टाकते आणि समोरची ती झोडपते. बॉलला वरच्या बाजूनं फिरकी दिली की तो जाळीवरून उंच जाऊनही आत वळून पडतो. म्हणजे रॅकेट जोरातच फिरवायची, फक्त बॉलच्या पाठीवरून वर घासत न्यायची. भीती वाटत असताना हात जोरात फिरवणं हे शरीराला उलटं वाटतं. ते अंगात मुरायला एक हंगाम पुरत नाही.

सामना सुरू झाला की माझ्या हाती राहतात ती नव्वद सेकंदं. दर विषम गेमनंतर बाजू बदलताना मुली पाणी प्यायला येतात, तेव्हा बोलता येतं. व्यावसायिक टेनिसमध्ये कोचनं बोलणं कित्येक दशकं गुन्हा होता; तिथे सरसकट मुभा अगदी अलीकडे, २०२५ पासून मिळाली. आमच्याकडे ती आधीपासून आहे, पण पाच कोर्टांवर एकाच वेळी कुठे पोचणार? नवी होते तेव्हा मी जिथे सामना रंगला असेल तिथे जाऊन उभी राहायची. आता जिथे माझ्या शब्दाचा उपयोग होईल तिथे जाते. पहिल्या क्रमांकाच्या मुलीचे आठवडाभराचे खासगी धडे असतात, तिला मी नसले तरी चालतं. दुहेरीची जोडी एकमेकींशी बोलायची थांबली असेल तर तिथे धाव घ्यायची. आणि सांगायची एकच गोष्ट. तीन सांगितल्या तर मुलगी कोर्टवर जाऊन तिन्हींचा विचार करते आणि बॉल विसरते.

त्या मंगळवारी मात्र ही नव्वद सेकंदं मी नासवली. तिसऱ्या एकेरीची ती मुलगी मराठी घरातली. कोर्टवर मी तिची 'कोच' आणि कोर्टबाहेर 'मावशी'. इतरांना वेगळेपणा वाटू नये म्हणून शाळेत मी तिच्याशी इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी नकळत मराठीत विचारलं, "तो बॉल तू बघितलास, की तुला तो बाहेर हवा होता?" ती काही बोलली नाही. बाटलीचं झाकण लावून कोर्टवर गेली, सामना जिंकली, आम्ही लढत ३-२ अशी जिंकलो. सामान आवरताना तिनं माझ्याकडे बघणं टाळलं.

माझा प्रश्न अर्धा चुकीचा होता, हे मला नंतर मान्य करावं लागलं. वेगानं जाणारी वस्तू आपल्या डोळ्याला ती असते त्यापेक्षा थोडी पुढे दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २००८ साली विम्बल्डनमधल्या हजारो पॉइंटच्या चित्रफिती तपासल्या, तेव्हा पंचांचे चुकलेले ८३ निर्णय सापडले. त्यांतल्या ७० वेळा आत पडलेला बॉल बाहेर ठरवला होता. प्रशिक्षित, कुणाचीही बाजू नसलेली, स्थिर उभी माणसं इतकी एका दिशेला चुकत असतील, तर धावत आलेल्या, जिंकू पाहणाऱ्या मुलीला तो बॉल खरोखर बाहेर दिसला असणं सहज शक्य आहे. त्यात मी रेषेच्या सरळ दिशेत होते आणि ती रेषेकडे आडवी बघत होती. आडव्या नजरेला अंतर धड कळत नाही.

म्हणून पुढच्या सोमवारी सरावात मी टेनिस बाजूला ठेवलं आणि रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांची गोष्ट सांगितली. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे हे कृष्णवर्णीय डॉक्टर. त्यांच्या घरामागे टेनिस कोर्ट होतं आणि उन्हाळ्यात तिथे कृष्णवर्णीय मुलं शिकायला यायची. आल्थिया गिब्सन तिथे घडली; १९५६ साली फ्रेंच स्पर्धा जिंकून ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली आणि पुढे १९५७, १९५८ साली विम्बल्डन जिंकली. आर्थर अ‍ॅशही तिथलाच. त्याच्या रिचमंड शहरात गोऱ्यांच्या कोर्टवर त्याला प्रवेश नव्हता, म्हणून शाळेचं शेवटचं वर्ष तो सेंट लुइसला, समनर हायस्कूलचे टेनिस कोच रिचर्ड हडलिन यांच्या घरी राहून शिकला. १९७५ मध्ये तो विम्बल्डन जिंकला. डॉक्टर जॉन्सनची मुलांना सक्त ताकीद होती: बॉल दोन इंच बाहेर पडला तरी तो आत धरून खेळायचा, आणि वाद कधीही घालायचा नाही. गोऱ्यांच्या स्पर्धेतून हाकलून द्यायला कुणाला निमित्तच मिळू नये म्हणून. ही शिस्त अन्यायातून आलेली होती, आणि ती माझ्या मुलींवर जशीच्या तशी लादायचा मला अधिकार नाही, हेही मी त्यांना सांगितलं. गिब्सन उतारवयात इथेच, न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजमध्ये राहायची. नेवार्कच्या ब्रँच ब्रुक पार्कमध्ये कोर्टांजवळ तिचा पुतळा आहे. माझ्या मुलींपैकी दोघी तिथे खेळलेल्या होत्या आणि तो कुणाचा हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग आम्ही रेषांचा सराव केला. मी रेषेच्या आसपास बॉल टाकायचे. एक मुलगी खेळायची, एक आडवी उभी, एक रेषेच्या टोकाशी. तिघींनी एकदम हात करायचा. तीन हात वेगळे पडले की हशा पिकायचा, आणि हळूहळू हशा थांबला, कारण ते फार वेळा होत होतं. तिसऱ्या एकेरीची मुलगी तो सगळा वेळ गप्प होती. शेवटी रेषेच्या टोकाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कोच, अजून दहा टाका."

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि आमच्या कोर्टांना दिवे नाहीत. लढत २-२ अशी अडलेली, बाकी चारही कोर्टं मोकळी झालेली, सगळ्या मुली अंगावर ब्लँकेट घेऊन तिसऱ्या कोर्टच्या कुंपणाला चिकटलेल्या. तिथे तिसऱ्या एकेरीची तीच मुलगी. शेवटच्या सेटचा टायब्रेक, ५-५. बॉल बेसलाइनजवळ पडला. या वेळी मी भलत्याच कोपऱ्यात होते, मला काही दिसलं नाही. तिनं बोट वर केलं, "आउट!" मग ते बोट तसंच हवेत राहिलं. तिनं रेषेकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि म्हणाली, "नाही. आत होता. पॉइंट तुझा." पुढचाही पॉइंट गेला. आम्ही २-३ असे हरलो.

दोघींनी जाळीवरून हात मिळवले. दुसऱ्या शाळेची पिवळी बस सुरू झाली. मी बॉल गोळा करायला लागले. दोन कमी होते, कुंपणामागच्या झुडपात गेले असणार. ती फोनचा दिवा लावून माझ्याबरोबर शोधायला आली. एक सापडला.