हापूसवरचं बांडगूळ

मालवणात, चिवल्याच्या किनाऱ्यामागच्या आडवाटेवर, काकींच्या पडवीत बसलोय. ऊन नुकतं खळ्यात उतरतंय, हापूस मोहरलाय. पेरूच्या फांदीला लाल प्लॅस्टिकची बाटली लटकतेय, अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेली. तिकडे एक भाग साखर, चार भाग पाणी घालून ती टांगली की हमिंगबर्ड येतात. तो पक्षी अमेरिका खंडांपुरताच. इथे बाटलीवर मुंग्या चढल्यात.

‘साखरेचा पाणी कित्याक?’ काकी विचारतात. ‘जास्वन आसा मां.’

आहेच, आणि तिच्यावर आत्ता शिंजीर येऊन बसतो. पिवळं पोट, पाठ गडद किरमिजी, उन्हात वळला की डोकं हिरवं चमकतं. मला वाटतं, आता फुलात तोंड घालेल. छे! हा देठाकडे सरकतो, बाकदार चोच पाकळ्यांच्या बुडाशी खुपसतो आणि तिथूनच मध ओढतो. परागांचा दांडा पलीकडे तसाच, अंगाला न लागलेला. उघड चोरी, पण इतकी देखणी की तक्रार करणार कोण?

केळफुलावर दुसरं गिऱ्हाईक आहे: निळाकाळा, चोच फारच लांब. लोटेनचा शिंजीर. क्षणभर पंख फडफडवत अधांतरी राहतो, मग मुकाट बोंडाला नखं रोवून लटकतो. हमिंगबर्डसारखं तरंगत राहणं याच्या घराण्यात नाही.

पडवीच्या कोपऱ्यात मात्र वेगळंच चाललंय. फिकट रंगाची मादी वाशाखाली शिरते, कोळिष्टक चोचीत ओढून घेते आणि कपड्यांच्या तारेकडे उडते. तारेच्या टोकाला वाळकी पानं, सालपटं, कचरा चिकटवलेली थैली लोंबतेय. दारावर छोटासा छज्जाही आहे. नर आसपास चिवचिवतो, बांधकाम तिचंच. पिल्लं झाली की त्यांना मध पुरत नाही, कोळी आणि किडे भरवावे लागतात. काकी तो कोपरा झाडत नाहीत. आळस म्हणा की आतिथ्य, शिंजिराच्या दृष्टीने साखरपाण्यापेक्षा ते मोलाचं.

हापूसच्या वरच्या फांदीवर बांडगूळ फुललंय, आणि सगळ्यात जास्त वर्दळ तिथेच. नळीसारख्या फुलांत शिंजीर चोच घालतात, तेव्हा इथे पराग डोक्याला लागतात. चोरी नाही, रोख व्यवहार. फळं पिकली की पाळी फुलटोच्या पक्ष्याची. चिकट बी तो फांदीवर पुसून टाकतो आणि नवं बांडगूळ रुजतं. कोकणातल्या या दोन पक्ष्यांच्या बांडगुळाशी असलेल्या भागीदारीवर पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखच लिहिलाय. बागायतदाराला मात्र तो वाचून आनंद व्हायचं कारण नाही. बांडगूळ आंब्याचा रस पितं, फांदी वाळवतं.

गडी कोयती घेऊन झाडावर चढलाय. वरून हाक येते, ‘काकीनू, तोडू काय?’

काकी क्षणभरही अडत नाहीत. ‘हापूसवरचां तोड. बिटकीवरचां रवांदे.’

बिटकीच्या आंब्याला बाजारात कोण विचारतो? गडी मान डोलावतो आणि बांडगुळाच्या गाठीच्या हातभर खाली कोयती घालतो. गाठीपाशीच छाटलं, तर पुढच्या पावसात ते तिथूनच फुटतं.