भिंतींना पाच लाख, भांड्यांना दोन हजार

ऑगस्ट २०१९च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यात हजारो घरं पडली. पूर्ण पडलेल्या घरासाठी कर्नाटक सरकारनं ५ लाख रुपये जाहीर केले. भांडीकुंडी व घरसामानासाठी केंद्राच्या आपत्ती निकषात तेव्हा कुटुंबामागे होते २,००० रुपये. (राज्यानं भर घालून तातडीची मदत १०,०००वर नेली, पण त्यातच कपडेही आले.) म्हणून जिल्ह्यातल्याच बेळगुंदीसारख्या गावातून पूरग्रस्तांना मदत धाडताना कुकर, तवा, कळशी आधी, जुन्या साड्या द्यायच्याच तर वाकळ शिवून. ‘त्यापेक्षा रोख द्या’ हा आक्षेप बाजार सुरू असेल तिथे मान्य. मात्र हातातली रोकड आधी उधारीत आणि औषधपाण्यात जाऊ शकते, तवा जात नाही. फुटकं-तुटकं देणाऱ्यांनी ते भंगारवाल्याकडेच न्यावं.